बाजूला नावाचं गाव

४ ऑगस्ट

मी मेले, तुझा बाप मेला, शेजारची शेळीवाली मेली आणि तिच्या शेळ्याही मेल्या. ही बातमी आम्हाला पूल बांधणाऱ्या ऑफिसातल्या कारकुनाकडून कळली, आणि त्याला ती तुझ्या लेखातून कळली. एवढी माणसं एका ओळीत मारलीस आणि वर स्वतःचं नाव छापून घेतलंस, आपल्या आडनावासकट. निदान आडनाव तरी वगळायचंस.

आता नमस्कार-चमत्कार. ढलपे, आशीर्वाद. तब्येत बरी असेल. नसली तरी मेलेल्या आजीने काय करायचं?

ऑफिसातलं सांगते. गेल्या महिन्यात ओढ्याला लोंढा आला आणि पूल घेऊन गेला. कुठला पूल ते तुला सांगायला नको, त्याच्यावरूनच तू गेलीस. तुझा बाप धुतलेला सदरा घालून, वरच्या अंगाला जिथे पाणी गुडघाभर असतं तिथून ओढा उतरून, तालुक्याला गेला. बरोबर शेळीवाली होती. तिला नेलं ते बरंच झालं, कारण तुझ्या बापाने घरी येऊन मला अक्षर सांगितलं नाही. शेळीवालीने अक्षर गाळलं नाही.

कारकून म्हणाला, "कुठला पूल?"

"ओढ्यावरचा."

"त्याच्या पलीकडे काय आहे?"

"आम्ही आहोत."

कारकुनाने नकाशा उघडला, वरून खालून बोट फिरवलं. "पलीकडे काही नाही."

"मी तिथूनच आलो, साहेब."

"ते तुमचं म्हणणं झालं." मग त्याने खणातून मासिक काढलं. "हे बघा, शिकलेल्या बाईंनी लिहिलंय. वस्ती केव्हाच उठली. आडनाव तुमचंच दिसतंय. नातं लागतं का?"

तुझा बाप म्हणाला, "नाही."

शेळीवाली म्हणते, त्याने मासिक मागून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. घरी येऊन ते त्याने गिरणीतल्या लाकूड कापायच्या टेबलावर ठेवलं, उडू नये म्हणून वर लाकडाचा ठोकळा ठेवला. तो पात्याला धार लावायला गेला तेव्हा मी ठोकळा उचलला.

लेख वाचला. माझं शिक्षण तिसरीत थांबलं, शाळेची भिंत पडली म्हणून. पण चष्मा चांगला आहे. तू दोन नकाशे शेजारी-शेजारी छापलेस. जुन्यात हिरवं म्हणजे रान, पांढरं म्हणजे शेत, आणि तपकिरी रेघा म्हणजे चढ. दुधावरची साय ओढली की सुरकुत्या पडतात तशा त्या दिसतात. ओढ्याच्या काठाने काळे ठिपके, ती घरं. मोठा चौकोन म्हणजे आपली आरागिरणी. कड्यावरून खाली आलेली तुटक रेघ. पुढच्या नकाशात यातलं काहीच नाही. ठिपके नाहीत, चौकोन नाही, उतारावरचं हिरवं नाही. यावरून तू लिहिलंस, 'लाकूड संपलं, तशी वस्तीही संपली. आज तिथे कुणीही राहत नाही.'

वा. उद्या भिंतीवरचा माझा फोटो पडला तर खांदा द्यायला धावत येशील.

त्या तुटक रेघेला तू 'शेतकऱ्यांची पाऊलवाट' म्हटलंयस. ढलपे, तू तिच्याशेजारी वाढलीस. ती ओंडके खाली सोडायची घसरण. तिच्यावरून पाऊल टाकत जो कोणी गेला तो दुसऱ्या दिवशी फोटोत गेला. आणि पांढऱ्याला 'मोकळी शेतजमीन' म्हणतेस. पांढरं छापायला काय जातं? झाड पडलं की खुंट तसाच राहायचा, खुंटांच्या मधून पेरायचं. नांगर चालायचा नाही, चाललाच तर मोडायचा. हाताने खणलं आम्ही. तुझ्या त्या पांढऱ्यावर माझी दोन बोटं वाकडी आहेत.

एक मात्र तुझं खरं, आणि ते मी लपवणार नाही, कारण लपवण्याजोगं ते उरलेलंच नाही. उतार बोडका केला तो आपल्याच घराने. माझा सासरा, म्हणजे तुझा पणजोबा, म्हणायचा, "रान काय, केसासारखं वाढतं." त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. तरी कुणाला शंका आली नाही. शेवटची रांग तुझ्या बापाने पाडली, त्या दिवशी तू त्याला खाटीक म्हणालीस आणि तो तुला म्हणाला, "जा, परत येऊ नकोस." जन्मभर त्याने तुला किती गोष्टी सांगितल्या. पाळलीस ती एवढीच.

परवाच्या लोंढ्यात पुलावर जो चिखल आला तो त्याच उताराचा होता. झाडं गेली की उतार खाली येईल, असं तू तेव्हा म्हणाली होतीस, तसाच. आता नाचायला नको.

कामाचं बोलते. पूल नाही तर बाहेरचा ओंडका गिरणीत येत नाही, फळी बाहेर जात नाही, भाजी जात नाही, डॉक्टर आत येत नाही. एकेक घर कुलूप लावायला लागेल आणि तुझा लेख खरा होईल. त्या कारकुनाला लिही की आम्ही आहोत. लांबलचक नको. तुझी ती 'नात्याचा ऱ्हास' वगैरे भाषा नको. 'आहेत' एवढा शब्द पुरे.

पाकिटावर पत्त्याखाली 'बादलीने' असं लिही. पोस्टमन पलीकडे उभा राहून शिव्या देतो, आम्ही तारेवरून बादली सोडतो. पत्र भिजलं तर तो जबाबदार नाही असं त्याने कळवायला सांगितलंय.

तुझी, छापील कैलासवासी,
आजी

२१ ऑगस्ट

शब्द गळला म्हणतेस. तू म्हणे लिहिलं होतंस, 'आज नकाशावर तिथे कुणीही राहत नाही', आणि छापताना 'नकाशावर' गळलं. गळलं की गिळलंस? माणसाचा दात पडला तर जिभेला लगेच कळतं. तुझ्या ओळीतून अख्खा बाप पडला आणि तुला ते कारकुनाने वाचेपर्यंत कळलं नाही. असो. मी मानते म्हणून लिहीत नाही, पुढे जायचंय म्हणून लिहिते.

कारकुनाने तुला पाठवलेलं उत्तर वाचलं. त्याला तुझं पत्र चालत नाही म्हणे, नकाशा लागतो. आम्ही मेलो असं लिहिलंस तेव्हा तू पुरावा, आम्ही जिवंत आहोत असं लिहिलंस की तू गप्पा. असली माणसं नेमताना त्यांची परीक्षा घेतात असं ऐकून आहे. कशात घेतात कोण जाणे.

आता तुझा प्रश्न. जुन्या नकाशात आपल्या घरांवर मोठ्या अक्षरांत 'बाजूला' छापलंय, ते काय, असं विचारतेस. आधी विचारायचं होतंस. त्याऐवजी लेखात फोड करून बसलीस की 'बाज म्हणजे ससाणा, तेव्हा या भागात पूर्वी ससाण्यांची वस्ती असावी.' ससाणे. इथे कावळ्याला बसायला फांदी शोधावी लागते.

ऐक. मी लग्न होऊन नुकती आले होते. घागर घेऊन ओढ्यावरून येत होते तर मोजणीवाला दिसला. हातभर टोपी, काडीसारखे पाय. त्याने आपली तिपाई कुठे रोवावी? त्या तुटक रेघेवर. बरोबर मध्ये. वर कड्याजवळ तुझा आजोबा आणि माझा सासरा एका जुन्या झाडाला दोन्ही बाजूंनी करवत लावून होते, आणि झाड कुरकुरायला लागलं होतं. मोजणीवाल्याने कान दिला, त्याला वाटलं पाखरू असेल. मग त्याने हाताचा भोंगा करून वर विचारलं, "अहो, या गावाचं नाव काय?"

तुझा आजोबा ओरडला, "बाजूला!"

मोजणीवाल्याने पेन्सिल काढली. "काय म्हणालात? बाजूला?"

"अहो, बाजूला!"

"कशाच्या बाजूला?"

"तुमच्या बापाच्या! बाजूला!"

झाड आलं. तिपाईचा भुगा झाला. बुंधा त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला, आणि हा डोक्यात पाला घेऊन तिथेच उभा, वहीत लिहितोय. मी घागर टाकून धावले, म्हटलं मेला असेल. तो मान वर न करता मला विचारतो, "यातला 'जू' दीर्घ ना?"

मी म्हटलं, "हो." मला काय माहीत. भिंत पडली तेव्हा आम्ही काना-मात्रेपर्यंत आलो होतो.

झालं हे असं. आपल्याला नाव नव्हतंच. वस्तीला वस्ती म्हणायचो. नावं ठेवणारे पुष्कळ होते, नाव देणारा तो पहिला. सासऱ्याला हे कळल्यावर तो महिनाभर हसला, आणि मग कागदोपत्री आपण सगळे बाजूलाचे झालो. तुझ्या आजोबाचा आवाज तेवढा एकदाच छापून आला.

हे तुझ्या मासिकात घालू नकोस. घातलंस तर पुन्हा ससाणे निघतील.

आजी

२२ ऑगस्ट

कालचं पत्र बादलीत गेल्यावर आठवलं म्हणून हे.

तुझ्या बापाला मी तुझ्याबद्दल काही बोलले नाही. काल त्याने तुझं पाकीट पाहिलं.

"कुणाचं?"

"विजेचं बिल."

"एवढं जाड?"

"मग तू दिवे कमी जाळ."

तो गेला. आज सकाळी पाकीट दुसऱ्या जागी होतं. पत्र आत होतं, पण मी घातलेल्या घडीत नव्हतं. त्याला घडी नीट घालता येत नाही, लहानपणापासून. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. या घरात बोलायचं ते सगळं करवत बोलते.

आजी

१२ सप्टेंबर

तुझ्या त्या नकाशांच्या नक्षीदार खात्यात इतकी वर्षं कुणाला सापडलं नाही ते तू शोधलंस. एवढं कौतुक केलं, आता पुढचं ऐकून घे.

म्हणजे दुसरा नकाशा काढायच्या वेळी टेबलावरच्या नक्कलवाल्याने जुना समोर घेतला. त्याला आपल्या घरांवर 'बाजूला' लिहिलेलं दिसलं. त्याला वाटलं, हा साहेबाचा हुकूम. हे सगळं बाजूला काढ. त्याने काढलं. घरं काढली, गिरणी काढली, घसरण काढली, आणि हुकूम पाळल्यावर हुकूमही खोडला. संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल.

एकाला आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, बाजूला, तो तसूभर हलला नाही. दुसऱ्याला कुणी काही म्हटलंच नव्हतं, त्याने अख्खी वस्ती हलवली. या दोघांच्या मधल्या जागेत तू नोकरी करतेस. सांभाळून राहा.

आणि मग तू. तुला रान संपलेलं दिसलं, घरं पुसलेली दिसली, आणि दोन्हींची गाठ मारून मोकळी झालीस. रान आम्ही संपवलं, ते आमच्या माथी. घरं पुसली ती टेबलावर. एकाचं पाप दुसऱ्याच्या खाती घातलं की लेख छान होतो, हे मला मान्य आहे. घरं आता पूर्वीइतकी नाहीत हेही मान्य. काही धुरांड्यांतून धूर येत नाही. पण ती कुलपं माणसांनी लावली, खोडरबराने नाही. आणि आपल्या धुरांड्यातून धूर येतो. अजून.

'अजून' का म्हटलं ते सांगते. पलीकडच्या वखारवाल्याने तुझ्या बापाला निरोप धाडलाय, थंडीच्या आत करवत घेऊन ये, माझ्याकडे कामाला लाग. म्हणजे स्वतःच्या गिरणीचा मालक दुसऱ्याच्या वखारीत फळ्या रचणार. मी म्हटलं, "जाणार का?"

तो म्हणाला, "पूल कुठाय?"

"होईल."

"कुणासाठी? आपण नाही आहोत ना."

हे तो हसून म्हणाला. तुला त्याचं हसणं आठवत असेल, फार वेळा वापरलेलं नाही. परवा त्याने मोठं पातं उतरवलं, तेल लावलं आणि गोणपाटात गुंडाळलं. शेळीवाली म्हणाली, "गंजू नये म्हणून असेल." तिला शेळ्यांपलीकडे काही कळत नाही. चालू गिरणीचं पातं कुणी गुंडाळत नाही.

मी जाणार नाही. मला वखारीच्या मागच्या खोलीत, कुणाच्या तरी भिंतीला टेकून बसायला सांगू नका. तो गेला तर मी आणि शेळीवाली राहू, आणि एकमेकींना टोमणे मारून मरू. मग तुझ्या लेखात दुरुस्ती करायची गरजच उरणार नाही.

तू लिहितेस, नवा नकाशा थंडीत छापायला जाईल, त्याच्या आत दुरुस्ती करता येते. त्यासाठी खात्याचं माणूस जागेवर यायला लागतं, राहणाऱ्या घरमालकाला गावाचं नाव विचारायला लागतं, तो सांगेल ते लिहून त्याची सही घ्यायला लागते. एकदा नकाशावर ठिपके आले की कारकुनाला पूल नाकारता येत नाही. चांगलं आहे. आणि पुढे लिहितेस, 'आमच्याकडचा एक हुशार माणूस पाठवते.'

माणूस पाठवते म्हणे. पहिला आला तोही हुशारच होता. त्याला दीर्घ-ऱ्हस्व कळत होतं.

आणि तो दुसरा प्रश्न. आकाशातून काढलेल्या नव्या फोटोत तुला आपल्या बोडक्या उतारावर हिरवे बारीक ठिपके दिसले, रांगेत. 'आपोआप उगवलेली झाडं रांगेत नसतात, आजी. कुणी लावली?' हा प्रश्न तू पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली लिहिलास. जणू आत्ताच सुचला.

मी सांगणार नाही. रांगा वाकड्या आहेत, हे तुला वरून दिसलं असेल. ज्याने जन्मभर सरळ कापलं त्याला लावायची वेळ आली की हात वाकडा पडतो. दर वर्षी अर्धी रोपं मरतात. उरलेल्यांतली अर्धी शेळ्या खातात, आणि मग शेळीवालीच्या अंगणात जाऊन कोण तमाशा करतो तेही मी सांगणार नाही. तू गेलीस त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासून हे चाललंय. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, लक्षात ठेव.

एकदाच विचारलं होतं मी त्याला, "ही झाडं कापण्याजोगी होईपर्यंत तू असशील का?" तो म्हणाला, "कापायला कोण लावतंय?" मग बादली उचलून वर गेला. पायथ्याचं पाणी उतारावर हाताने न्यायचं, याला वेडेपणा म्हणतात. मी तसं म्हटलंही. पण लोंढा आला त्या दिवशी जिथे रोपं होती तिथला चिखल जागचा हलला नाही. मी जाऊन बघितलं. काठी टेकत, दोनदा बसून.

तर आता माझं ऐक, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करू नकोस. ते आपल्या घरात पुरेसं झालंय.

हुशार माणूस तिकडेच ठेव. तू ये. 'परत येऊ नकोस' म्हणाला होता, ते काढू नकोस. त्या पुलावरून येऊ नकोस असं त्याने म्हटलं असेल, तो पूल गेला. वरच्या अंगाने ये, चपला हातात घे, तळाशी दगड निसरडे आहेत. तुमची ती तिपाई आण, मोडली तर भरून द्यायची तयारी ठेव. गिरणीच्या दारात उभी राहा. गोणपाट सोडून पातं पुन्हा चढवायला त्याला दोन माणसं लागतात, आणि मी त्या कामाची उरले नाही, हेही जाता जाता सांगते.

तिथे उभी राहून त्याला दोन्ही प्रश्न विचार. गावाचं नाव काय, आणि वर झाडं कुणी लावली. मला विचारलंस तर मला ऐकू येत नाही. शेळीवालीला विचारलंस तर ती शेळ्यांची नावं सांगेल, तिला मी दम देऊन ठेवलाय. दोन्हीचं उत्तर तुझ्या बापानेच द्यायचं. आणि तो 'बाजूला' म्हणाला तर आधी बाजूला हो, मग लिही.